खाशाबांना जोड मिळाली तेव्हा

(बी. ए. भाग २)

आमच्या गावी दिवाळीनंतर मंडई भरते. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना मंडई म्हणजे काय हे सांगायला नको. धान कापणीला आलेले असते, लेकीबाळी माहेरी येतात, दुपारी गावाबाहेरच्या पटांगणात कुस्त्यांची दंगल होते आणि रात्री नाटक. नाटकाला तिकीट असते. दंगलीला तिकीट नसते, पण ती फुकटात होते असे मात्र नाही. इनामाची रक्कम वर्गणीतून उभी राहते, आणि वर्गणी देणारा माणूस आपल्याला काय पाहायला मिळणार हे आधी विचारून घेतो.

मागच्या मंडईला दंगलीच्या जोडी लिहून घेण्याची वही माझ्या हाती आली. कोणाची कुस्ती कोणाशी लागणार, किती रुपयांवर लागणार, हे त्या वहीत लिहायचे. हे काम माझ्याकडे आले ते मी कॉलेजात जातो म्हणून. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बाबा चौथीनंतर शाळेत गेले नाहीत, आई बिड्या वळते. गावातले मोठे लोक टेबलाशी बसले आहेत आणि त्यांच्या शेजारी आपला मुलगा पेन घेऊन बसला आहे, हे पाहून आई बायांच्या घोळक्यातून दोनदा पुढे येऊन गेली. मलाही अभिमान वाटला. तो अभिमान संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

त्या दिवशी बाहेरगावचा एक नावाजलेला मल्ल आला होता. त्याच्या नावावर बरीच वर्गणी जमली होती. आमच्याच गावचा एक पोरगा, वजनाने त्याच्या बरोबरीचा, लंगोट लावून टेबलासमोर उभा राहिला आणि त्याने त्या मल्लाशी जोड मागितली. पंचांनी आपापसात हिशेब केला. हा पोरगा पहिल्याच मिनिटाला पडला तर लोक चिडून उठून जातील. आणि चुकून जिंकला तर तो मोठा मल्ल पुढच्या वर्षी येणार नाही, मग वर्गणी कोण देईल? दोन्हीकडून तोटाच. मोठ्या मल्लासमोर दुसरा एक नाव असलेला पैलवान उभा करण्यात आला आणि मी ती जोड लिहिली. गावचा पोरगा अंगाला माती लावून सूर्य मावळेपर्यंत आखाड्याच्या कडेला उभा होता. मग त्याने सदरा घातला आणि तो घरी गेला. कोणी त्याला हाकलले नाही, कोणी अपशब्द बोलले नाही. त्याचे नाव वहीत आले नाही, एवढेच.

मित्रहो, त्या रात्री नाटकात माझे मन लागले नाही. पंच वाईट माणसे नव्हती. त्यांचा हिशेबही चुकीचा नव्हता. मग चुकले ते काय? या प्रश्नाचा शोध घेताना मी खाशाबा जाधवांच्या चरित्रापर्यंत जाऊन पोचलो. ते चरित्र या लेखात सांगावयाचे आहे. पण त्याआधी जोड आणि पैसा यांचे नाते थोडे उलगडून पाहू.

आमच्या दंगलीत जे चार पंचांनी केले तेच अमेरिकेत मुष्टियुद्धात फार मोठ्या प्रमाणावर चालते. तेथे मोठी लढत घरच्या दूरदर्शन संचावर पाहायची तर त्या एका लढतीचे वेगळे पैसे मोजावे लागतात. जितकी घरे पैसे भरतील तितका लढणाऱ्यांचा आणि लढत भरवणाऱ्यांचा वाटा वाढतो. साहजिकच समोर कोण उभा करावा हे ठरवताना तो किती चांगला लढतो यापेक्षा त्याच्या नावावर किती घरे पैसे भरतील हा विचार आधी होतो. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या लढतीच्या वाटाघाटी २००९ मध्ये सुरू झाल्या. लढत झाली ती २ मे २०१५ रोजी, लास व्हेगासला. तोवर एक ३८ वर्षांचा झाला होता, दुसरा ३६ वर्षांचा. दोघांचाही भराचा काळ वाटाघाटींतच सरला होता. तरी एकट्या अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी पैसे भरले. पुढे २०१७ मध्ये त्याच मेवेदरसमोर कॉनर मॅकग्रेगर उभा राहिला. हा गडी दुसऱ्याच एका द्वंद्वप्रकारातला. व्यावसायिक मुष्टियुद्धाची एकही लढत तो त्यापूर्वी खेळला नव्हता. तरी ४३ लाखांच्या आसपास घरांनी पैसे भरले. ज्यांनी सारी उमर मुष्टियुद्धात घातली असे कितीतरी लढवय्ये त्या रात्री आमच्या गावच्या पोरासारखेच कडेला उभे असतील.

आपल्याकडेही हे नवे नाही. १९१० साली गामा पहिलवान लंडनला गेले तेव्हा उंची कमी म्हणून त्यांना तिथल्या स्पर्धेत घेतले नाही. तेव्हा त्यांनी उघड आव्हान दिले की आपल्यासमोर जो पाच मिनिटे टिकेल त्याला पाच पौंड मिळतील. त्या आव्हानाने लोकांचे कुतूहल जागे झाले, आणि मग डॉ. रोलर आणि झिबिस्को यांच्यासारखे मल्ल त्यांच्यासमोर आले. १० सप्टेंबर १९१० रोजी झिबिस्कोशी झालेली कुस्ती अडीच तासांवर चालूनही निकाली झाली नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा व्हायची होती, पण झिबिस्को आलाच नाही. जोड मिळवण्यासाठी जगातल्या एका थोर मल्लालाही आधी लोकांचे कुतूहल विकत घ्यावे लागले, हे यात विसरता येत नाही.

कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि खासबाग मैदान बांधले. ते १९१२ साली खुले झाले. मैदान खोलगट, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आखाडा दिसतो. दरबाराचा आश्रय सरला तेव्हा मैदानाची मदार प्रेक्षकांवर आली. मग हँडबिले, नेमलेल्या कुस्त्या, एक नंबरची जोड, दोन नंबरची जोड हा सारा थाट आला. मोठ्या देहाचा, मोठ्या नावाचा मल्ल पाहायला लोक कोसांवरून येत. हलक्या वजनाच्या मल्लासाठी एवढी गर्दी कोण करणार?

अशा काळात खाशाबा दादासाहेब जाधव नावाचा एक हलक्या वजनाचा मल्ल घडला.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरातच मिळाले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. ते दिवस स्वातंत्र्यलढ्याचे होते. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणे, पत्रके पोचवणे अशी कामे या शाळकरी मुलाने केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

येथे एक प्रसंग घडला तो आपण कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा गेले. उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगकाठी किरकोळ. क्रीडाशिक्षकांनी त्यांना पाहूनच नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले आणि आपल्याला फक्त लढू द्यावे एवढेच त्यांनी मागितले. प्राचार्यांनी परवानगी दिली. मग त्या किरकोळ मुलाने आपल्याहून थोराड मल्लांना एकामागून एक चीत केले. खाशाबांना जोड नाकारली जाण्याचा आणि कोणीतरी ती देववण्याचा हा पहिला प्रसंग. प्राचार्यांनी त्यांना विजय दिला नाही, फक्त जोड दिली. विजय त्यांनी स्वतः मिळवला.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबा लाल मातीत वाढलेले, मॅटवरच्या कुस्तीचा त्यांना सराव नव्हता, आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तरी फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले आणि ते सहावे आले. परत आल्यावर त्यांनी सत्काराची वाट पाहिली नाही. पुढची चार वर्षे ते सरावाला लागले आणि वजनाचा एक गट वर चढले.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे व्हायचे होते. त्याआधी मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन बाद करण्यात आले, असे खाशाबांचे म्हणणे होते. येथेही ते मुकाट्याने घरी परतले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळांचे जाणकार. त्यांनी खाशाबांना पुन्हा निवडचाचणीत उतरण्याची संधी मिळवून दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखवले. जोड नाकारली जाण्याचा हा दुसरा प्रसंग, आणि या वेळीही त्यांनी मागितली ती फक्त जोडच.

निवड झाली, पण जायला पैसा नव्हता. मुंबई सरकारकडे त्यांनी चार हजार रुपये मागितले, ते त्या वेळी मिळाले नाहीत. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कॉलेजच्या एका विद्यार्थ्यासाठी, त्याच्या कुस्तीसाठी, प्राचार्यांनी घर गहाण टाकले! मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. ज्याच्या नावावर तिकिटे खपत नाहीत, ज्याच्यामागे व्यापारी नाही, इनाम नाही, त्याच्यावर एका मास्तराने घर लावले होते.

हेलसिंकीला जोड चिठ्ठीवर ठरत होती. तिकीट तेथेही होते, प्रेक्षकही होते, पण कोणासमोर कोण यात तिकिटाला मत नव्हते. ५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांसमोर पहिला आला कॅनडाचा मल्ल. त्याला त्यांनी चीत केले. मग मेक्सिकोचा, त्यालाही चीत केले. नंतर जर्मनीच्या मल्लाला गुणांवर हरवले. पुढची गाठ जपानच्या शोहाची इशीशी. ही कुस्ती पंधरा मिनिटे अटीतटीने चालली आणि खाशाबा ती हरले. याच इशीला पुढे सुवर्णपदक मिळाले. ती कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मादबेयोवशी लढण्यासाठी त्यांना पुकारले गेले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांची बाजू मांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे नव्हता. थकलेले खाशाबा तसेच मॅटवर गेले आणि हरले. सोव्हिएत मल्लाला रौप्यपदक मिळाले, खाशाबांना कांस्य.

तो दिवस होता २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, ते लिएंडर पेसने टेनिसमध्ये मिळवले. कुस्तीत तर सुशीलकुमारचे पदक थेट २००८ साली आले. आणि महाराष्ट्राच्या वाट्याला पुढचे वैयक्तिक पदक आले ते २०२४ मध्ये पॅरिसला, नेमबाज स्वप्निल कुसाळेच्या हातून. तोही कोल्हापूर जिल्ह्याचाच. म्हणजे बहात्तर वर्षे गेली! अर्धा तास आणि एक बोलणारा माणूस एवढे त्या दिवशी हेलसिंकीला असते तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

खाशाबा परत आले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी कितीतरी तास लागले. पण मिरवणूक संपली तरी एक गोष्ट उरली होती. प्राचार्यांचे घर गहाण होते.

आता जे सांगतो ते वाचून माझ्या विचाराला कलाटणी मिळाली. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले. स्वतः आखाड्यात उतरले, लढले, जिंकले. आता त्यांच्या नावाला गर्दी होती. त्या मैदानाचे जे उत्पन्न आले ते त्यांनी प्राचार्य खर्डेकरांना दिले आणि त्यांचे घर सोडवले.

मंडईच्या रात्रीपासून मी मनातल्या मनात पैशालाच दोष देत होतो. वर्गणी नको, इनाम नको, तिकीट नको, म्हणजे कुस्ती शुद्ध राहील असे मला वाटत होते. खाशाबांच्या या एका कृतीने माझा तो भाबडेपणा दूर झाला. प्रेक्षकांचा पैसा पाप नाही. त्याच पैशावर पैलवानाचा खुराक चालतो, आखाड्याची माती बदलली जाते, आणि एका मास्तराचे गहाण पडलेले घर सुटते. पण पैसा कुस्तीच्या नंतर यावा. तो कुस्तीच्या आधी येऊन वही उघडून बसला आणि कोणासमोर कोण हे ठरवू लागला, की कडेला उभा राहिलेला पोरगा कधीच आखाड्यात उतरत नाही. आणि जो कधी उतरलाच नाही त्याचे नाव होणार कसे? नाव नाही म्हणून जोड नाही, आणि जोड नाही म्हणून नाव नाही. या फेऱ्यातून खाशाबा बाहेर पडले ते केवळ स्वतःच्या ताकदीवर नव्हे. दोन वेळा त्यांनी दाद मागितली आणि दोन्ही वेळा टेबलापलीकडे बसलेला एक माणूस हिशेब बाजूला ठेवून त्यांच्या बाजूने उभा राहिला.

पुढची कहाणी मात्र मन विषण्ण करणारी आहे. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. खात्याच्या स्पर्धांत ते खेळले, इतरांना शिकवले, पण बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. निवृत्त होताना ते सहायक पोलीस आयुक्त होते. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या वेळी मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. जिवंतपणी ज्याला अर्धा तास विश्रांती मिळाली नाही, त्याच्या नावाचे सभागृह उभे राहिले. असो. आपल्या समाजाची ही जुनी रीत आहे.

खाशाबांचे मोठेपण सांगताना सारे जण त्यांच्या पदकाविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यांच्या चरित्रात पदकाहून अधिक भावली ती त्यांची मागणी. त्यांनी कोणाकडे कधी गुण मागितले नाहीत, सवलत मागितली नाही. समोर माणूस उभा करा, एवढेच मागितले. आपणा ग्रामीण भागातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची मागणी तरी याहून वेगळी कोठे आहे? आम्हालाही कोणी जिंकवावे असे वाटत नाही. आमचे नाव वहीत यावे, इतकेच वाटते.

आणि ही वही आता आमच्यासारख्यांच्या हाती येऊ लागली आहे, हे मला त्या मंडईने शिकवले. मी त्या दिवशी टेबलाशी बसलो होतो. माझ्या हातात पेन होते. पंचांपुढे मी लहान, हे खरे. पण या पोराचे वजन बरोबरीचे आहे, याला एक कुस्ती द्या, इतके म्हणायला मोठे पद लागत नव्हते. मी म्हणालो नाही. पंचांनी हिशेब केला आणि मी तो सुवाच्य अक्षरात लिहून काढला. शिकलेल्या माणसाचा उपयोग एवढाच असेल तर आईने बायांच्या घोळक्यातून पुढे येऊन काय पाहिले?

तो पोरगा अजून आखाड्यात जातो. परवा बसस्टँडवर भेटला. मी त्याच्याजवळ खाशाबांचा विषय काढला, मद्रासची आणि कॉलेजची हकीकत सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पुढच्या मंडईला वही कोणाकडे असणार आहे, असे विचारले. बहुधा माझ्याकडेच असेल, असे मी सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही, पण बस लागली तेव्हा आत जाऊन त्याने माझ्यासाठी जागा धरून ठेवली.

पुढच्या मंडईला पंचांचा हिशेब बदलेलच असे नाही. वर्गणीदार तेच असतील आणि नावाजलेला मल्ल कदाचित याहून मोठा असेल. पण वहीच्या पहिल्या पानावर पहिले नाव मी त्या पोराचे लिहीन आणि मगच वही पंचांपुढे सरकवीन. ते खोडायचे असेल तर पंचांनी आपल्या हाताने खोडावे. माझे पेन ते काम करणार नाही.